क्षणभर जगणारे रेणू: क्रियाशीलता येते कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुक्त मूलकं (ज्यांत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतो असे रेणू), कार्बीन, सिंगलेट ऑक्सिजन यांचं वर्णन पुस्तकांत ‘उच्च ऊर्जेचे, अतिक्रियाशील’ असं असतं. त्यांच्या रचनेत वेगळं काय असतं? ऊर्जा जास्त म्हणून क्रियाशीलता जास्त, एवढंच का? जे क्षणात संपतं त्याची रचना कळते कशी? आणि असा एखादा रेणू बाटलीत भरून ठेवता येईल का?

माझी बरीच वर्षं याच रेणूंच्या मागे गेली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सुरुवात दुसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण तिथला गैरसमज मिटला नाही तर पुढचं सगळं धूसर राहतं.

दोन रेणू शेजारी ठेवून बघा. पहिला क्युबेन. आठ कार्बन, घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक, आणि प्रत्येकाला एक हायड्रोजन. कार्बनच्या चार बंधांना एकमेकांत १०९.५ अंशांचा कोन मानवतो. इथे तो ९० अंशांवर दाबून बसवलेला आहे. त्या दाबामुळे रेणूत साठलेला ताण मोलमागे सुमारे ६६० किलोज्यूल भरतो, म्हणजे जवळजवळ दोन साधे कार्बन-कार्बन बंध तोडायला लागेल एवढा. दुसरा हायड्रॉक्सिल मूलक. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन, बस्स. मूलद्रव्यांपासून वायुरूप क्युबेन घडवायचा तर मोलमागे सुमारे ६०० किलोज्यूल घालावे लागतात, हायड्रॉक्सिलला चाळीससुद्धा लागत नाहीत.

आता वागणूक बघा. क्युबेन पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात फडताळात सुखाने राहतो. फिलिप ईटन आणि थॉमस कोल यांनी तो १९६४ मध्ये पहिल्यांदा बनवला आणि दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाईपर्यंत तो तुटत नाही. हायड्रॉक्सिल मात्र पेशीत तयार झाला तर साधारण एका नॅनोसेकंदात, काही नॅनोमीटरच्या आतच, जो रेणू समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो.

म्हणजे ऊर्जा आणि क्रियाशीलता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डोंगरावरच्या तळ्यातलं पाणी कितीही उंचावर असलं तरी बांध शाबूत आहे तोवर ते खाली येत नाही. तळ्याची उंची म्हणजे ऊर्जा. रसायनशास्त्रात ज्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात तो बांध. क्युबेनचं तळं फार उंच आहे, पण बांध भक्कम आहे: एक बंध तुटला तरी उरलेला सांगाडा तसाच आवळलेला राहतो, आणि दोन बंध एकदम सोडण्याची सोयीची वाट इलेक्ट्रॉनांच्या मांडणीमुळेच बंद आहे. हायड्रॉक्सिलचं तळं बेताच्याच उंचीवर आहे, पण त्याला बांध जवळपास नाहीच.

बांध का नाही, याचं उत्तर रचनेत आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचा गाभा तोच.

नेहमीच्या रेणूत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने असतात. अशा दोन रेणूंना नवा बंध करायचा असेल तर आधी जुन्या जोड्या सैल कराव्या लागतात, आणि त्याचा खर्च आधी भरावा लागतो. मूलकाकडे एक इलेक्ट्रॉन मुळातच एकटा असतो, त्यामुळे ही आगाऊ भरपाई जवळपास टळते. दोन मिथिल मूलकं (एक कार्बन, तीन हायड्रोजन) समोरासमोर आली की बांध असा नसतोच, भेट झाली की बंध झाला. मूलक एखाद्या पूर्ण रेणूला भिडलं तर थोडा चढ असतो, पण सौदा फायद्याचा असला की तो सहज पार होतो. हायड्रॉक्सिलने मिथेनमधला हायड्रोजन ओढला तर मोलमागे ४३९ किलोज्यूलचा बंध तुटतो आणि पाण्यातला ४९७ किलोज्यूलचा बंध जुळतो. हायड्रॉक्सिलची सारी धडाडी या फरकात आहे.

तरीही हायड्रॉक्सिल ‘दिसेल त्याला सारख्याच वेगाने खातो’ असं समजू नका. हवेत तो आयसोप्रीन या झाडांतून निघणाऱ्या वायूशी ज्या वेगाने भिडतो, त्याच्या सुमारे पंधरा हजारावा हिस्सा वेगाने मिथेनशी भिडतो. आयसोप्रीनमध्ये दुहेरी बंध आहे, त्यात इलेक्ट्रॉन सैल आहेत, आणि हायड्रॉक्सिल थेट त्यावर जाऊन चिकटतो. मिथेनमध्ये हायड्रोजन उपटावा लागतो. दिवसा हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण दहा लाख हायड्रॉक्सिल असतात. तेवढ्याच जागेत हवेचे एकूण रेणू अडीच कोटी कोटी लाख आहेत हे लक्षात घेतलं तर ही संख्या नगण्य ठरते. तरी वातावरणातला बहुतेक मिथेन हाच मूलक संपवतो. त्याचं स्वतःचं आयुष्य हवेत सेकंदभराच्या आसपास, आणि मिथेनच्या रेणूचं दशकभराचं.

इथे आणखी एक गोष्ट बघा. तोच हायड्रॉक्सिल पेशीत नॅनोसेकंद जगतो आणि हवेत सेकंदभर, म्हणजे शंभर कोटी पट जास्त. रेणू बदललेला नाही, शेजार बदलला आहे. म्हणून ‘या मूलकाचं आयुष्य किती?’ असं मला कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठे?

आता कार्बीनकडे येतो. माझा जीव यांच्यात सगळ्यात जास्त गुंतलेला आहे, त्यामुळे थोडा रेंगाळेन.

कार्बनला बाहेरच्या थरात आठ इलेक्ट्रॉन हवे असतात. मिथिल मूलकात सात असतात, कार्बोकॅटायनमध्ये (धनभार असलेल्या कार्बनमध्ये) सहा, आणि कार्बीनमध्येही सहाच. पण कार्बीनवर विद्युतभार नसतो, आणि बंधांत न अडकलेले दोन इलेक्ट्रॉन कार्बनच्याच हाताशी असतात. या दोघांना कसं बसवायचं यावर सगळं अवलंबून आहे. दोघं एकाच ऑर्बिटलमध्ये (इलेक्ट्रॉनाच्या बसायच्या जागेत) जोडीने बसले आणि दुसरं ऑर्बिटल रिकामं राहिलं, तर ते सिंगलेट कार्बीन. दोघं वेगवेगळ्या ऑर्बिटलमध्ये, एकाच दिशेच्या स्पिनने बसले, तर ते ट्रिप्लेट. (स्पिन हा इलेक्ट्रॉनाचा अंगचा गुण, त्याच्या दोनच दिशा असतात, आणि जोडीत त्या एकमेकींच्या उलट असतात.)

सगळ्यात साधं कार्बीन म्हणजे मिथिलीन: एक कार्बन, दोन हायड्रोजन. त्यात ट्रिप्लेट खाली आहे आणि सिंगलेट मोलमागे सुमारे ३८ किलोज्यूल वर. सिंगलेटमध्ये दोन बंधांतला कोन १०२ अंश, ट्रिप्लेटमध्ये १३४. अणू तेच आणि तेवढेच, फक्त दोन इलेक्ट्रॉनांची बैठक बदलली तर रेणूचा आकार ३२ अंशांनी उघडतो.

वागणूकही बदलते. सिस-२-ब्युटीनसारख्या रेणूवर सिंगलेट कार्बीन सोडलं तर दोन्ही नवे बंध एकाच झटक्यात होतात आणि मूळचे दोन मिथिल गट तीनकोनी वलयातही एकाच बाजूला राहतात. ट्रिप्लेटला हे जमत नाही. एक बंध आधी होतो, दुसऱ्यासाठी एका इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटावा लागतो, आणि तेवढ्या वेळात मधला बंध गरकन फिरून घेतो, म्हणून मिश्रण मिळतं. फिलिप स्केल यांनी १९५६ मध्ये हा नियम मांडला. उत्पादनाकडे पाहून, स्वतः न दिसलेल्या रेणूतला स्पिन ओळखायचा! मला आजही ही युक्ती अतिशय सुंदर वाटते.

मिथिलीनच्या कोनाची कथा विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो. गेरहार्ड हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये त्याचा वर्णपट पकडला आणि ट्रिप्लेट मिथिलीन सरळ रेषेत किंवा जवळपास तसं आहे असा अर्थ लावला. गणन करणारे मात्र तो रेणू वाकलेला असल्याचं सांगत होते. १९७० मध्ये चार्ल्स बेंडर आणि हेन्री शेफर यांच्या गणिताने सुमारे १३५ अंश दिले, त्याच वर्षी गोठवलेल्या नमुन्यांवरच्या इलेक्ट्रॉन-स्पिन मापनांनी त्याला दुजोरा दिला, आणि हर्झबर्ग यांनी स्वतःचाच वर्णपट पुन्हा तपासून वाकलेला आकार मान्य केला. १९७१ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. ते रेणूंच्या, विशेषतः मुक्त मूलकांच्या, रचनेवरच्या कामासाठी. अशा वर्णपटतज्ज्ञाचा निष्कर्ष गणिताने बदलायला लावला, ही त्या शास्त्राच्या इतिहासातली मोठी घटना आहे.

स्पिनचा विषय निघालाच आहे तर ऑक्सिजनही बघून घेऊ, कारण तो नियमाला उलटा वाटतो. हवेतल्या साध्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन एकटे असतात. म्हणजे तो सरळसरळ द्विमूलक आहे, तरी आपण पेट घेत नाही. कारण तो ट्रिप्लेट आहे, तर आपल्या शरीरातले जवळपास सगळे रेणू जोडीदार इलेक्ट्रॉनांचे. ट्रिप्लेट आणि सिंगलेट यांच्यातून थेट सिंगलेट उत्पादन निघायचं तर वाटेत स्पिन उलटावा लागतो, आणि ते सहजासहजी होत नाही. त्यात त्याचा स्वतःचा बंध मजबूत आहे, म्हणून मूलकासारखा हायड्रोजन ओढून घेणंही त्याला परवडत नाही. ऊर्जेचं तळं भरलेलं, बांध स्पिनचा.

त्याच ऑक्सिजनला मोलमागे ९४ किलोज्यूल देऊन सिंगलेट केलं की हा बांध जातो. मग तो दुहेरी बंधांवर थेट हल्ला करतो. रंगद्रव्य, प्रकाश आणि हवा एकत्र आली की असा ऑक्सिजन तयार होतो. कपड्यांचे रंग उन्हात विटण्यामागे आणि काही कर्करोगांवरच्या प्रकाशोपचारामागे त्याचा हात असतो. पाण्यात तो साधारण साडेतीन-चार मायक्रोसेकंद टिकतो. जड पाण्यात, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या पाण्यात, साठाहून जास्त मायक्रोसेकंद. पाण्याच्या ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची कंपनं सिंगलेट ऑक्सिजनची जादा ऊर्जा पटकन शोषून घेतात, ड्युटेरियमचा बंध हळू कंपन करतो, त्याला ते तेवढं साधत नाही. एखाद्या अभिक्रियेत सिंगलेट ऑक्सिजनचा हात आहे असा संशय आला की आम्ही तीच अभिक्रिया जड पाण्यात करून बघतो. वेग वाढला तर संशयाला बळ मिळतं.

आता ‘पाहिलं कसं’ याकडे वळतो.

सगळ्यात जुनी पद्धत उपकरणांच्या दृष्टीने सगळ्यात साधी होती. १९२९ मध्ये फ्रिड्रिश पानेत आणि विल्हेल्म होफेडिट्झ यांनी काचेच्या नळीतून हायड्रोजनच्या झोतात टेट्रामिथिल लेडची वाफ सोडली आणि नळी एका ठिकाणी तापवली. तापलेल्या जागी काचेवर शिशाचा चकचकीत आरसा धरला. मग ज्योत झोताच्या उगमाकडे थोडी सरकवली. नव्या जागी नवा आरसा धरू लागला आणि जुना, थंड झालेला आरसा हळूहळू नाहीसा झाला. कुणीतरी तापलेल्या जागेतून निघून, वाऱ्यावर वाहत येऊन तो खात होतं. ते कुणीतरी म्हणजे मिथिल मूलक. शिशाशी जुळून ते पुन्हा टेट्रामिथिल लेड बनत होतं. दोन जागांमधलं अंतर आणि झोताचा वेग माहीत असल्याने मूलकाचं अर्धायुष्यही निघालं: एका सेकंदाचे सुमारे सहा हजारांश. तोवर मिथिल मूलक ही कागदावरची कल्पना आहे असं मानणारे बरेच होते.

पुढे रोनाल्ड नॉरिश आणि जॉर्ज पोर्टर यांनी प्रकाशाचे दोन झोत वापरले: पहिला तीव्र झोत मूलकं निर्माण करतो, ठरावीक काळाने दुसरा त्यांचा वर्णपट टिपतो. दोन झोतांमधलं अंतर वाढवत गेलं की मूलकांचा ऱ्हास टप्प्याटप्प्याने दिसतो. १९६७ च्या नोबेलचे ते मानकरी. त्याच धाग्याने लेझर आले, आणि अहमद झेवेल यांनी फेम्टोसेकंदांच्या (सेकंदाच्या एक कोटी कोटीव्या भागाहूनही लहान काळाच्या) पातळीवर प्रत्यक्ष बंध तुटताना पाहिले, त्यासाठी त्यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

माझी पद्धत याच्या उलट टोकाची आहे. घाईने पाहण्याऐवजी आम्ही रेणूलाच थांबवतो. जॉर्ज पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये मांडलेलं हे मॅट्रिक्स आयसोलेशन. निर्वात कक्षात सीझियम आयोडाइडची खिडकी दहा केल्विनपर्यंत (शून्याखाली सुमारे २६३ अंश सेल्सिअस) गार करायची आणि तिच्यावर अरगॉनमध्ये विरळ मिसळलेली वाफ सोडायची, हजार अरगॉनमागे आपला एक रेणू. अरगॉन गोठतो आणि प्रत्येक रेणू आपापल्या कोठडीत एकटा अडकतो. शेजारी सगळे अरगॉन, ज्यांना कुणाशी काही घेणंदेणं नाही. मग अतिनील प्रकाश टाकून त्या कोठडीतच हवा तो रेणू घडवायचा आणि अवरक्त वर्णपट घ्यायचा.

फेनिल अझाइडवर (बेंझीन वलयाला जोडलेले तीन नायट्रोजन) हे करताना वर्णपटात २१०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचा अझाइडचा दणकट पट्टा मिनिटामिनिटाला बसत जातो. नायट्रोजनचा रेणू सुटतो. तो अवरक्तात दिसत नाही. आणि १८९५ च्या जवळ, जिथे आधी कोरी रेषा होती, तिथे एक नवा पट्टा डोकं वर काढतो. अपेक्षा फेनिल नायट्रीनची, म्हणजे वलयाला उरलेल्या एकट्या नायट्रोजनच्या कार्बीनसारख्या रेणूची, असते, पण हा पट्टा नायट्रीनचा नाही. सिंगलेट नायट्रीनने शेजारचा कार्बन ओढून वलय सातजणांचं केलेलं असतं, आणि त्या वळलेल्या वलयातल्या कीटेनिमीनचा (कार्बन-कार्बन आणि कार्बन-नायट्रोजन असे लागोपाठचे दोन दुहेरी बंध) तो पट्टा असतो.

नवा पट्टा दिसला की लगेच हुरळून जाऊ नये. १६०० च्या आसपास आणि ३७०० च्या वर बारीक रेषांचा जुडगा दिसला तर ते पाणी असतं, कुठेतरी सूक्ष्म गळती आहे. खरी कसोटी पुढे असते: खिडकी तीस-पस्तीस केल्विनपर्यंत तापवायची. अरगॉन जरा सैल होतो, कोठडीतले कैदी हलू लागतात. खऱ्या क्रियाशील रेणूच्या रेषा तेव्हा सगळ्या मिळून, सारख्याच प्रमाणात खाली बसतात. नऊ रेषा बसल्या आणि दहावी जागच्या जागी राहिली, तर ती दहावी दुसऱ्या कुणाची तरी.

आणि कधीकधी इतक्या थंडीतही रेणू निसटतो. २००८ मध्ये पीटर श्रायनर यांच्या गटाने हायड्रॉक्सीमिथिलीन हे साधं कार्बीन अरगॉनमध्ये अडकवलं. ते फॉर्माल्डिहाइडमध्ये बदलायला मोलमागे सुमारे १२५ किलोज्यूलचा बांध ओलांडावा लागतो. ११ केल्विनला ते निव्वळ अशक्य. तरी अंधारात ठेवलेला तो रेणू दोन तासांत निम्मा संपला. बांधावरून न जाता हायड्रोजन बांधातून आरपार गेला होता. यालाच क्वांटम टनेलिंग म्हणतात. तिथला हायड्रोजन काढून ड्युटेरियम बसवला, तर रेणू जागचा हलला नाही. मघाचं तळ्याचं उदाहरण इथे तोकडं पडतं, हे मान्य करायला हवं.

आता बाटलीचा प्रश्न. होय, ठेवता येतो, पण त्याला एकतर इलेक्ट्रॉनांचा आधार द्यावा लागतो, नाहीतर अंगावर पांघरूण घालावं लागतं.

दोन्हीची पहिली झलक मोझेस गोम्बर्ग यांना १९०० मध्ये मिशिगन विद्यापीठात दिसली. त्यांना हेक्साफेनिलइथेन बनवायचं होतं. ट्रायफेनिलमिथिल क्लोराइडवर धातू वापरला तर हवेत पेरॉक्साइड मिळू लागलं. हवा वगळून केलं तेव्हा पिवळं द्रावण मिळालं आणि हवा लागताच त्याचा रंग उडाला. तीन फेनिल वलयं एकट्या इलेक्ट्रॉनला आपल्यात वाटून घेतात आणि पंख्याच्या पात्यांसारखी तिरपी उभी राहून मधल्या कार्बनला झाकतात. त्यामुळे दोन मूलकं मध्यावर जुळूच शकत नाहीत. एकाचा मधला कार्बन दुसऱ्याच्या वलयाच्या दूरच्या टोकाला चिकटतो. जोडीची ही खरी रचना १९६८ मध्ये स्पष्ट झाली, तोवर बहुतेक पुस्तकांत हेक्साफेनिलइथेनच छापलं जात होतं.

ज्याला हे डोळ्यांनी बघायचं आहे त्याने बेंझोफिनोन आणि सोडियम घातलेला टेट्राहायड्रोफ्युरानचा फ्लास्क बघावा. द्रावक कोरडं आणि ऑक्सिजनमुक्त झालं की सगळा फ्लास्क गडद निळा होतो, शाईसारखा. तो रंग कीटाइल नावाच्या मूलक-आयनाचा. निष्क्रिय वायूखाली तो निळेपणा दिवसच्या दिवस टिकतो. नमुना बाहेर काढताना सिरिंजच्या टोकाशी हवेचा एक बुडबुडा शिरला तरी निळ्या स्तंभाचं टोक आधी फिकं आणि मग रंगहीन होतं, बाकी स्तंभ तसाच निळा. मूलक आणि ऑक्सिजन यांची सीमारेषा काचेत आखलेली दिसते. (हे काम प्रशिक्षित माणसानेच करायचं, सोडियम आणि ज्वालाग्राही द्रावक एकत्र असतात, आणि जुन्या इथर द्रावकांत पेरॉक्साइड साचतात. बऱ्याच प्रयोगशाळा आता त्याऐवजी कोरडं करणारे स्तंभ वापरतात.)

कार्बीनच्या बाबतीत हीच गोष्ट अँथनी अर्डुएंगो यांनी १९९१ मध्ये साधली. कार्बीनच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजन, जे आपले इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या ऑर्बिटलमध्ये ओततात, आणि नायट्रोजनांवर अ‍ॅडमँटिलचे भरभक्कम गट. मिळालेले स्फटिक २४० अंशांना न तुटता वितळतात. कार्बीन आणि द्रवणांक हे शब्द एका वाक्यात येतील असं त्याआधी कुणी म्हणालं असतं तर विश्वास बसला नसता. आज या कुळातली कार्बीनं धातूंच्या उत्प्रेरकांत नित्याची झाली आहेत.

या दोन्ही उदाहरणांत रेणूला काही ना काही चिकटवून त्याचा स्वभाव थोडा बदललेला आहे. मूळ रेणू जसाच्या तसा, नुसता एकटा ठेवून टिकतो का? डोनाल्ड क्रॅम आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे सायक्लोब्युटाडायीनवर करून दाखवलं. चार कार्बनांचं हे वलय दुसरं तसंच वलय भेटताच त्याच्याशी जुळतं, म्हणून ते एरवी फक्त गोठलेल्या अरगॉनमध्ये दिसायचं. त्यांनी त्याचा जनक रेणू एका मोठ्या पिंजऱ्यासारख्या रेणूत कोंडला आणि प्रकाश टाकून आतच वलय घडवलं. कार्बन डायऑक्साइड फटीतून निघून गेला, वलय आत राहिलं. साध्या खोलीच्या तापमानाला, द्रावणात, चुंबकीय अनुस्पंदन यंत्रात त्याचा संकेत निवांत घेता आला. मग तो पिंजरा २२० अंशांपर्यंत तापवला. वलयं फटीतून बाहेर पडली, एकमेकांना भेटली, आणि द्रावणात सायक्लोऑक्टाटेट्राईन, म्हणजे दोन वलयं जुळून झालेलं आठ कार्बनांचं वलय, मिळालं.